थोरल्याला कुणी विचारलं होतं?

परवा रात्री जेवणं झाल्यावर आमची थोरली म्हणाली, "बाबा, धाकटीच्या वेळी तुम्ही सगळं नीट ठरवलंत. माझ्या वेळी नुसते प्रयोग केलेत." बोलली आणि ताट उचलून आत गेली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची तिन्ही मुलं घरीच शिकतात. थोरली तेरा वर्षांची, मधला दहाचा, धाकटी सहा पूर्ण. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा थोरली दुसरीत होती. फोनवरच्या तासांना ती कंटाळायची, रडायची, आणि शाळेचा फीसाठी तगादा मात्र चालूच होता. आम्ही तिचं नाव काढलं. "वर्षभर बघू" म्हणता म्हणता सहा वर्षं झाली. मधल्यानं आणि धाकटीनं शाळेचा उंबरठा ओलांडलेलाच नाही.

दर एप्रिल-मेमध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर पुस्तकांचा ढीग पडतो. एकीकडे बालभारती, एकीकडे मुक्त विद्यालयाची पुस्तकं, कुणीतरी दिलेला केंब्रिजचा जुना संच, बायकोनं हातानं केलेली गणिताची कार्डं. तीन वयं, तीन डोकी, शिकवणारी माणसं दोन, त्यातलं एक (म्हणजे मी) दिवसभर हिशेबाच्या कामात. कुणाला काय घ्यायचं? तिघांना मिळून एकच काही घेता येईल का? यंदा ढीग पडला तो थोरलीच्या त्या वाक्यावर. मग मी पुस्तकं बाजूला सारली आणि कपाटातून वेगळंच पुस्तक काढलं. 'माझे सत्याचे प्रयोग'. कारण आमच्यासारखा प्रश्न एका बापापुढे सव्वाशे वर्षांपूर्वी पडला होता, आणि त्यानं काय केलं हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय.

जानेवारी १८९७. बॅरिस्टर मोहनदास गांधी दरबानला उतरले. किनाऱ्यावर गोऱ्या जमावानं त्यांना मारहाण केली, तो प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. पण त्या बोटीवर त्यांच्याबरोबर कस्तुरबा होत्या आणि तीन मुलं होती, हे आपल्या लक्षात राहत नाही. आत्मकथेत त्यांनी वयंही दिली आहेत: बहिणीचा मुलगा गोकुळदास दहा वर्षांचा, स्वतःची दोन मुलं नऊ आणि पाच वर्षांची. थोरला हरिलाल, धाकटा मणिलाल. पुढे लगेच प्रश्न येतो, यांना शिकवायचं कुठे?

पर्याय होते. गोऱ्यांच्या शाळेत हिंदी मुलांना प्रवेश नव्हता, पण गांधींच्या मुलांना खास मेहेरबानी म्हणून मिळाला असता. गांधींनी तो नाकारला. जे बाकीच्या हिंदी मुलांना मिळत नाही, ते माझ्या मुलांना अपवाद म्हणून नको. मिशनऱ्यांच्या शाळा खुल्या होत्या, पण तिथलं शिक्षण त्यांना पसंत नव्हतं आणि गुजरातीतून शिकवण्याची सोय कुठेच नव्हती. मग घरीच. त्यांनी स्वतः शिकवायचा प्रयत्न केला, तो कामाच्या रगाड्यात कधी जमला, कधी नाही. जाहिरात देऊन महिना सात पौंडांवर एक इंग्रज बाई ठेवली. ती गांधींच्या देखरेखीखाली शिकवायची, बाप मुलांशी गुजरातीतच बोलायचा. त्यानंही समाधान होईना. थोरल्याला आणि भाच्याला काही महिने हिंदुस्थानात वसतिगृहाच्या शाळेत पाठवलं आणि लवकरच परत बोलावलं.

मी हे वाचत होतो आणि मला आमचं टेबल दिसत होतं. सात पौंडांची बाई काय, केंब्रिजचा संच काय. पहिल्या मुलाच्या वेळी आईबाप असेच हातातलं एकेक टाकत जातात. हे नको, ते बघू, हे परत कर. आईबापांना वाटतं आपण अभ्यासक्रम निवडतोय. पोराला वाटतं, उद्या काय असेल कुणास ठाऊक.

मात्र एक फरक इथेच सांगायला हवा, कारण या विषयावर गांधींचं नाव हल्ली सर्रास घेतलं जातं. गांधींनी मुलांना शाळेपासून दूर ठेवलं ते दुसऱ्यांच्या मुलांना जे मिळत नाही ते आपल्याला नको म्हणून. आपण शहरातली माणसं बहुतेकदा उलट कारणानं ठेवतो. आपल्याला परवडतं म्हणून. घरात एक शिकलेला माणूस दिवसभर मोकळा असू शकतो, पुस्तकं विकत घेता येतात, चुकलं तर सावरता येतं म्हणून. बांधकामावरच्या मजुराची पोरगी शाळेत जात नाही तेव्हा तिला कुणी 'होमस्कूलर' म्हणत नाही, शाळाबाह्य म्हणतात. म्हणून गांधींचं नाव घेऊन मी माझ्या निर्णयाला खादी नेसवणार नाही.

पुढची गोष्ट ऐका. १८९७ मध्ये रामदास झाला, १९०० मध्ये देवदास. म्हणजे चार मुलगे, वयात बारा वर्षांचं अंतर. १९०१ मध्ये कुटुंब हिंदुस्थानात परतलं, १९०२ च्या अखेरीस गांधी पुन्हा आफ्रिकेत गेले, मग बाकीची मंडळी गेली. हरिलाल मागेच राहिला. जोहान्सबर्गमध्ये गांधींनी मुलांना शिकवायची एक पद्धत शोधली. घर ते ऑफिस, जाऊन-येऊन सुमारे पाच मैल. मुलं बरोबर चालायची आणि चालता चालता गप्पांतून शिक्षण. आत्मकथेत त्यांनी लिहिलंय की माझी सगळी मुलं अशी वाढली, थोरला सोडून. तो हिंदुस्थानात होता.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. बापाला पद्धत सापडली तेव्हा थोरला तिथे नव्हताच.

याच काळात गांधींचे मित्र हेन्री पोलक त्यांच्याशी तावातावानं वाद घालायचे. मुलांना लहानपणापासून इंग्रजी दिलं तर आयुष्याच्या शर्यतीत ती सहज पुढे जातील, असं पोलक यांचं म्हणणं. गांधी ठाम, मुलांशी गुजरातीतच बोलणार. आज आपल्याकडे मराठी की सेमी की इंग्रजी, यावर घराघरांत जी भांडणं होतात ती शंभर वर्षांपूर्वी जोहान्सबर्गच्या एका घरात झालेली आहेत. त्या वादात दोन मोठी माणसं बोलत होती. मुलांचं मत काय होतं, ते पुस्तकात नाही.

१९१० मध्ये हर्मन कॅलनबाख या वास्तुविशारद मित्रानं जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवरची अकराशे एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहायला दिली. हे टॉल्स्टॉय फार्म. तिथे गांधींनी शाळा काढली, आणि अनेक वयांच्या मुलांना एकत्र शिकवण्याचे जेवढे म्हणून प्रश्न आहेत ते सगळे एकदम अंगावर आले. सात वर्षांच्या पोरापासून वीस वर्षांच्या तरुणापर्यंत सगळे एका वर्गात. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती. घरची भाषा कुणाची गुजराती, कुणाची तमिळ, कुणाची हिंदी. शिक्षक मुख्यतः दोन, गांधी आणि कॅलनबाख. गांधींचं तमिळ तोडकंमोडकं, उर्दूची लिपी एका बोटीच्या प्रवासात शिकलेली.

त्यांनी काय केलं? सकाळी सगळ्यांना हाताचं काम. झाडं लावणं, खड्डे खणणं, स्वयंपाक, सुतारकाम. कॅलनबाख एका ख्रिस्ती मठात जाऊन चपला शिवायला शिकून आले, त्यांच्याकडून गांधी शिकले, गांधींकडून मुलं. नियम एकच, जे शिक्षक करत नाही ते मुलांना सांगायचं नाही. इथे वयाचा प्रश्न येत नव्हता. सात वर्षांचा आणि सतराचा एकाच वाफ्यात काम करू शकतात, आपापल्या ताकदीनं.

अक्षरओळखीचे तास दुपारनंतर, फार तर तीन. 'दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रह' या पुस्तकात त्यांनी प्रांजळपणे लिहिलंय की सकाळच्या कष्टांनी आणि जेवणानं सगळ्यांना पेंग यायची, शिक्षकालाही. डोळ्यांवर पाणी मारून तास चालायचा. क्रमिक पुस्तकांची उणीव आपल्याला कधी भासली नाही, असंही ते सांगतात.

गोष्टी, गाणी, हातकाम, बाग हे सगळं पंगतीसारखं आहे. एकच वरण-भात सगळ्यांना चालतो, ज्याची भूक जेवढी तेवढं तो घेतो. आमच्या घरीही इतिहास आणि विज्ञान असंच चालतं. गेल्या पावसाळ्यात तिघांनी मिळून अंगणात पाऊस मोजला. धाकटीनं बाटलीवर रेघ मारली, मधल्यानं तक्ता केला, थोरलीनं सरासरी काढली. एकच काम, तीन इयत्ता. पण बीजगणित पंगतीत वाढता येत नाही. व्याकरणही नाही. ते ज्याचं त्यालाच, रोज, क्रमानं द्यावं लागतं. डोळ्यांवर पाणी मारलेल्या तासात ते होत नाही.

एका वर्गात सगळी वयं बसवली की नुकसान नेहमी वरच्या टोकाचं होतं. लहान पोराला मोठ्यांच्या कानावर पडलेलं फुकट मिळतं. मोठ्याला मात्र खाली थांबावं लागतं. आपल्या जुन्या पंतोजीच्या शाळेत मोठी पोरं धाकट्यांना धुळपाटीवर अक्षरं गिरवायला लावायची, उजळणी म्हणून घ्यायची. आपण त्याचं कौतुक करतो, आणि त्यात तथ्य आहेच, शिकवताना माणूस पक्कं शिकतो. पण पक्कं होतं ते आधी शिकलेलंच. नवं कोण देणार?

माझ्याच घरात मी हे पाहिलं नव्हतं. गेली दोन वर्षं धाकटीची बाराखडी, तिचे पाढे, तिच्या गोष्टी, सगळं थोरली करते. पाहुण्यांपुढे मी मोठ्या अभिमानानं सांगतो, "बघा, घरात शिकलं की मुलं एकमेकांना शिकवतात." परवाच्या रात्री हिशेब मांडला. दिवसाचा दीड-दोन तास ती शिकवत होती. तिला शिकवायला मात्र माझ्याकडे आठवड्यात तेवढे तास निघत नव्हते. आमच्या घरातली सात पौंडांची बाई तीच होती, आणि तिला सात पौंडही मिळत नव्हते. मुलगाच थोरला असता तर मी त्याला एवढ्या सहज बाराखडीला बसवलं असतं का? प्रामाणिक उत्तर मला आवडलं नाही.

आता हरिलालचं काय झालं ते. १९०६ मध्ये त्याचं लग्न झालं, मग तो आफ्रिकेत आला. सत्याग्रहात पडला, अनेकदा तुरुंगात गेला. लोक त्याला 'छोटे गांधी' म्हणायचे. म्हणजे बापाच्या कामात तो कुठे कमी पडला नव्हता. पण त्याला शिकायचं होतं. रीतसर, शाळा-कॉलेजातलं. गांधींचे स्नेही डॉक्टर प्राणजीवन मेहता यांनी एका मुलाला विलायतेत शिकवायचा खर्च देऊ केला. गांधींनी आपला मुलगा न पाठवता पुतण्या छगनलालला पाठवलं. तो आजारी पडून परतला, तर नंतर सोराबजी अडाजणियांना. तत्त्व तेच, सार्वजनिक कामाच्या पैशाचा लाभ घरच्या मुलाला नको. स्वतः बाप मात्र विलायतेत शिकून बॅरिस्टर झालेला होता.

१९११ मध्ये हरिलाल घर सोडून निघाला आणि अहमदाबादला शाळेत दाखल झाला. वय तेवीस, स्वतः बाप झालेला, आणि मॅट्रिकच्या बाकावर लहान पोरांबरोबर. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा नापास झाला. १९१५ मध्ये त्यानं बापाला लांबलचक पत्र लिहिलं आणि छापून वाटलं. आम्हाला शिक्षण मिळालं नाही, आमचं म्हणणं कधी ऐकून घेतलं नाही, हा त्याचा गाभा. पुढचा ऱ्हास बहुतेकांना माहीत आहे. १९४८ च्या जूनमध्ये, वडिलांच्या हत्येनंतर पाच महिन्यांनी, तो मुंबईत एका इस्पितळात क्षयानं गेला.

हरिलालच्या आयुष्याचं सगळं खापर घरच्या शाळेवर फोडणं चूक आहे. दारू, कर्ज, बायकोचा अकाली मृत्यू, महात्म्याचा मुलगा असण्याचं ओझं, बरंच काही होतं. आणि तीच घरची शाळा घेतलेल्या धाकट्यांचं बरं झालं. मणिलालनं दक्षिण आफ्रिकेत अनेक दशकं 'इंडियन ओपिनियन' चालवलं, देवदास 'हिंदुस्तान टाइम्स'चा संपादक झाला. पण हीच तर मेख आहे. घरच्या शिक्षणाची बाजू घेणारे देवदास दाखवतात, विरोधक हरिलाल दाखवतात. बाप तोच, तत्त्वं तीच. वाट्याला आलेला बाप मात्र एक नव्हता. थोरल्याला धडपडणारा, व्यवसायात बुडालेला, आज हे उद्या ते करणारा बाप मिळाला. धाकट्यांना चालता चालता शिकवणारा मिळाला.

गांधींनी हे लपवलं नाही. मुलांना द्यायला हवा होता तेवढा वेळ मी दिला नाही, त्यांची तक्रार आहे आणि पुस्तकी शिक्षणाबाबत ती खरी आहे, असं त्यांनी कबूल केलंय. त्याच दमात असंही लिहिलंय की पश्चात्ताप नाही, शाळेत गेली असती तर स्वातंत्र्याचे आणि स्वाभिमानाचे धडे त्यांना मिळाले नसते. कदाचित खरं असेल. पण तो सौदा मुलांच्या वतीनं बापानं केला होता.

आणि इथे गोष्ट आपल्या वर्ध्याला येते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना देशापुढे आली. डॉक्टर झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. विनोबा आणि काकासाहेब कालेलकर हे आपले दोघंही तिच्यात होते. टॉल्स्टॉय फार्मवरचं हातकाम आता राष्ट्रीय योजना झालं. पण समितीनं काय केलं पाहा. सात वर्षांचा अभ्यासक्रम वर्षवार आखून दिला. दिवसाचे साडेपाच तास. त्यात उद्योगाला तीन तास वीस मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटं, मातृभाषेला चाळीस, समाजशास्त्र आणि विज्ञानाला तीस, कवायतीला दहा, सुट्टी दहा. मिनिटांचा हिशेब! एका बापाच्या लहरीवर चालणारी शाळा देशाला देता येत नाही, तिला क्रम लागतो, हे त्या मंडळींना कळलं होतं. मला यात हरिलालला मिळालेलं उशिराचं उत्तर दिसतं. हा माझा अर्थ आहे, कुणी खोडून काढला तरी चालेल.

याच आश्रमात वाढलेला आणखी एक मुलगा होता, महादेवभाई देसाईंचा नारायण. तो लहानपणी शाळेत जाऊन आला आणि त्यानं स्वतःच ठरवलं की मला तिथे जायचं नाही, मी आश्रमातच शिकणार. वडिलांनी आणि गांधींनी ते मानलं. पुढे नारायणभाई मोठे लेखक झाले, म्हातारपणी गावोगाव गांधीकथा सांगत फिरले. हरिलालला शाळा हवी होती, मिळाली नाही. नारायणला नको होती, तेही ऐकलं गेलं. या दोघांमध्ये तीस-पस्तीस वर्षांचं अंतर आहे, आणि मला वाटतं तेवढ्यात गांधीही काही शिकले असावेत.

आज आपल्याकडे वाद होतो तो कायद्याचा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाचा हक्क देतो. घरी शिकवण्याला त्यात स्पष्ट परवानगी नाही, आईबापांना शिक्षाही नाही. एक बाजू म्हणते शाळा म्हणजे कारखाना, दुसरी म्हणते तुम्ही मुलाचा हक्क मारताय. दोन्हीकडून मोठी माणसंच बोलतात, पोलक आणि गांधींसारखी. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला, त्याचं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित बाबतीत मुलाचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, त्याच्या वयाप्रमाणे त्याला वजन दिलं पाहिजे. घर असो की शाळा, अभ्यासक्रम निवडताना हे कलम आठवणारे आईबाप किती, आणि मुख्याध्यापक तरी किती?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थोरलीला विचारलं, सहा वर्षांत पहिल्यांदा, सरळ. "तुला काय हवंय?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "शाळेत जाऊन बघायचंय. आवडलं नाही तर परत येऊ शकते ना?"

कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद आहे, म्हणजे तिला आठवीत घ्यावं लागेल. गावातल्या शाळेच्या सरांशी बोलून आलोय. जूनपर्यंत तिचं बीजगणित मी घेणार, रोज सकाळी एक तास, फोन बंद करून. धाकटीची बाराखडी आता माझ्याकडे. मधल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला घरीच बरंय, पण मला पुढच्या वर्षी परत विचारा." हे वाक्य मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

खोटं कशाला बोलू, तिचं उत्तर ऐकून मला हरल्यासारखं वाटलं. सहा वर्षं लोकांना मी जे पटवत आलो ते माझ्या पोरीनं एका वाक्यात बाजूला ठेवलं. बायको म्हणाली, "तिला स्वतःचं मत आहे आणि ते तिनं तोंडावर सांगितलं. हे कुठे शिकली ती?"

टेबलावरचा ढीग अजून तसाच आहे. यंदा तो आम्ही पाचजण मिळून आवरणार.

ज्यांच्या घरी दोन-तीन मुलं आहेत, घरी शिकणारी असोत की शाळेत जाणारी, त्यांनी आज रात्री थोरल्याला एवढंच विचारून बघा. काय उत्तर आलं ते खाली लिहिलंत तर वाचायला आवडेल.